थोरेन्स १६० साठी सागवानी आर्मबोर्ड : भोक कुठं आणि कसं पाडायचं? (कोल्हापूर)

तवा_३३

मंडळी, कामाचा प्रश्न आहे. माझ्याकडं थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल आहे, १९७२ साली निघालेलं मॉडेल. मोटर, बेअरिंग, बेल्ट सगळं ठणठणीत. मूळ आर्म (सुई धरणारा दांडा) मात्र आधीच्या मालकाच्या काळातच गेला. आता त्याच्यासाठी रेगाचा आरबी २५० घेतलाय, जुना, खाली एकाच मोठ्या नटानं आवळायचा असतो तो. थोरेन्सच्या आर्मबोर्डाला (आर्म ज्या फळीवर बसतो ती) आधीच्या आर्मचं भोक आहे, त्यात हा बसत नाही, म्हणून नवीन बोर्ड करायचाय.

लाकूड घरचंच आहे. पेठेतलं जुनं घर उतरवताना निघालेल्या तुळईतला सागवान वडिलांनी माळ्यावर जपून ठेवला होता. तोच वापरायचाय, त्यामुळं तयार बोर्ड मागव असं कृपया सांगू नका.

रेगाचं माप आहे स्पिंडलच्या (तवा ज्यात अडकतो ती मधली खुंटी) मध्यापासून पिव्हटच्या (आर्म जिथं फिरतो ती जागा) मध्यापर्यंत २२२ मिमी, आणि भोक २४ मिमी. घरी हँड ड्रिल आहे. त्यानं जमेल का? आणि २२२ म्हणजे अगदी काटेकोर २२२ च लागतं, का थोडं इकडंतिकडं चालतं? आर्म महाग आहे, लाकूड तर परत मिळणारच नाही, म्हणून आधी विचारतोय.

उद्यमनगरचा

भावा हँड ड्रिलचा नाद सोड. २४ चं भोक हातानं काटकोनात पडत नाही, माणूस कितीबी सरावाचा असू दे. पिलर ड्रिल पाहिजे. उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत, कुणीबी पाच मिनटात मारून देईल, पण एक लक्षात ठेव, आमच्याकडं जी मोठी ड्रिलं असतात ती लोखंडाची, पिळाची. ती सागवानात घातली की ड्रिल स्वतःच लाकूड आत ओढतंय, कड फाटती आणि खालनं बाहेर पडताना मोठी कपची उडवतंय. लाकडाला फोर्स्टनर बिट घे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय, आणि ते घेऊन वर्कशॉपला जा. स्पीड कमी ठेवायला सांग, ५०० आरपीएमच्या आसपास बास. खाली भंगार प्लायचा तुकडा लाव आणि दोन्ही क्लॅम्पमधी आवळ. बिटाचं मधलं टोक खालनं दिसायला लागलं की थांबायचं, बोर्ड उलटा करायचा, त्याच टोकाच्या भोकात बिट धरून उरलेलं तिकडनं काढायचं. दोन्ही कडा साफ येतात.

जाईजुई

वाचतेय. विषय भारी आहे.

पुणेरी_सुई

उद्यमनगरचा यांनी पद्धत बरोबर सांगितली आहे. पण मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. माझ्या मते २२२ म्हणजे २२२ च. अर्धा मिमी हुकला तरी सगळी भूमिती हुकते, आतल्या ट्रॅकना आवाज फाटतो, मग माणूस कार्ट्रिजला (सुईच्या डबीला) दोष देतो, फोनो स्टेज (तिचा आवाज वाढवणारं यंत्र) बदलतो, पैसे घालवतो. शक्य असेल तर डिजिटल रीडआउट असलेल्या मिलिंग मशीनवर दशांशात माप धरून भोक पाडा.

सुतारपक्षी

लाकूड दशांशात राहतंय होय? सकाळी मापलेलं संध्याकाळी बदलतंय पावसाळ्यात. :)

जाईजुई

पुणेरी_सुई, नम्रपणे असहमत. मी गणित शिकवते आणि घरी भावाचं टर्नटेबल लावायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून हे कागदावर मांडून बघितलेलं आहे.

आर्म गोल फिरतो आणि सुई तव्यावर कंसात जाते, त्यामुळं ती खाचेला बरोबर स्पर्शरेषेत दोनच ठिकाणी असते. प्रचलित जुळणीत ही दोन ठिकाणं मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात. आता आर्मची प्रभावी लांबी (पिव्हट ते सुई) ल धरा आणि पिव्हट ते स्पिंडल अंतर द धरा. ल चा वर्ग वजा द चा वर्ग बरोबर त्या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे साधारण ७९८०. एवढंच समीकरण आहे.

द = २२२ घातलं तर ल येते २३९.३, म्हणजे सुई स्पिंडलच्या पुढं १७.३ मिमी जायला हवी (यालाच ओव्हरहँग म्हणतात). भोक एक मिमी चुकून द = २२३ झालं तर ल २४०.२, सुई पुढं १७.२. म्हणजे भोक अख्खा एक मिमी सरकलं तरी ओव्हरहँग जेमतेम ०.१ मिमी बदलतो! कार्ट्रिजचा कोन बदलतो तोही अंशाच्या दहाव्या भागाइतका. कार्ट्रिज हेडशेलच्या (आर्मच्या पुढच्या टोकाच्या) लांबट खाचांत मागंपुढं सरकतं, थोडं वळवताही येतं, तेवढ्यात हे आरामात सामावतं. अट एकच, कार्ट्रिज लावताना कागदावरचं २२२ न धरता बोर्ड बसल्यावर जे अंतर प्रत्यक्ष मोजलं जाईल ते धरायचं, किंवा दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर वापरायचा.

रेगा स्वतः ओव्हरहँग १५ मिमीच्या आसपास धरते, त्यांची दोन ठिकाणं जरा आतल्या बाजूला येतात. गोंधळून जायचं कारण नाही, कुठलीही एक जुळणी धरा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

तवा_३३

जाईजुई, मनापासून आभार. डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. वाचनखूण साठवली.

पुणेरी_सुई

समीकरण पटलं. ओव्हरहँग १ मिमी चुकणं आणि भोक १ मिमी चुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ कुणी मांडलेलं वाचलं नव्हतं. तरीही जवळात जवळ जायचा प्रयत्न करावा, एवढं म्हणणं राहतंच.

कळंबेकर

लाकडाचा एवढा हट्ट कशाला? ॲक्रिलिकचा तुकडा लेसरवर कापून घ्या, भोक आपोआप गोल आणि जागेवर. नाहीतर ॲल्युमिनियम प्लेट. शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर एका दुपारचं काम.

उद्यमनगरचा

कळंबेकर, १६० ला तेच चालत नाही. ती स्प्रिंगवरची मशीन आहे. प्लॅटर (तवा ठेवायची फिरती थाळी) आणि आर्म दोन्ही एकाच सब-चेसिसवर (आतल्या चौकटीवर), आणि ती चेसिस तीन स्प्रिंगांवर. वजनाचा हिशोब बघा की. सागवान पाण्यापेक्षा हलका, ॲक्रिलिक त्याच्या जवळजवळ दुप्पट, ॲल्युमिनियम चौपट. त्याच जाडीची ॲल्युमिनियम प्लेट लावली की आर्मकडची स्प्रिंग दबती, चेसिस कलती, प्लॅटर एकीकडं उतरतंय. मग स्प्रिंगचे नट फिरवत बसा, शेवटी नटाची चुडीच (आटेच) संपती. लाकूड इथं शोभेसाठी न्हाई, वजनासाठी पाहिजे.

मिरज_जंक्शन

लाकडावरून थोडं बोलतो, आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीत लहानपण गेलंय. तिथली सतार आणि तंबोरा या दोन्हींना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हा घरोघरी पेढे वाटले होते. तिथं तुणीचं लाकूड वापरतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कारागीर फळी कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक करतो, जी फळी जास्त वेळ बोलते ती तबलीला (वरच्या फळीला). ते बघून माझ्या एका मित्राच्या मनात आलं की तंबोऱ्याच्या लाकडाचाच आर्मबोर्ड करावा, म्हणजे गाणं गोड लागेल. मी त्याला तिथंच थांबवलं. तंबोऱ्याला बोलणारं लाकूड हवं आणि आर्मबोर्डला गप्प बसणारं. सुई खाचेतून जाताना जो थरकाप आर्ममधून खाली येतो तो बोर्डानं पचवायचा असतो. बोर्ड स्वतःच बोलायला लागला तर तो प्रत्येक तव्यावर आपला एकच सूर मिसळणार.

म्हणून तवा_३३, तुमच्या सागवानाचे दोन पातळ थर रेषा आडव्याउभ्या ठेवून चिकटवा, मध्ये बर्च प्लायचा थर असेल तर आणखी चांगलं. वर दिसेल तुळईचाच सागवान. आतून तो मुका होईल आणि वाकणारही नाही.

सुतारपक्षी

मिरजकरांना +१. त्यात माझ्या तीन गोष्टी घाला.

सागवानात तेल असतंय, नुसता गोंद धरत नाही. चिकटवायच्या तोंडावर ॲसिटोन फिरवा, सुकलं की लगेच गोंद लावा, उद्यावर ठेवू नका. दुसरं, तुळईचं लाकूड म्हणजे आत खिळा असणारच, मोडलेला, वरून दिसत न्हाई. रंधा मारायच्या आधी मोठं चुंबक फिरवा, नाहीतर रंध्याचं पातं आणि नवीन फोर्स्टनर दोन्ही गेलं. तसंबी सागवानात वाळूसारखा अंश असतोय, धार लवकर मरती. तिसरं, पॉलिश दोन्ही अंगांना सारखं मारा, भोकाच्या आतल्या भिंतीलासुद्धा. लोक वरच्या बाजूला चार हात मारतात आणि खाली कोरडं सोडतात, मग पावसाळ्यात खालनं ओल पितंय आणि बोर्ड वाटीसारखा होतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा किती ओली असती ते सांगायला नको. रेषेच्या आडव्या दिशेला १०० मिमी रुंदीमागं अर्धा-पाऊण मिमी सहज फुगतंय, लांबीला मात्र जवळजवळ काहीच न्हाई. म्हणून एकसंध फळी वापरणार असाल तर रेषा बोर्डाच्या लांबीत ठेवा.

आप्पा_७८

मुलांनो, धागा फार आवडला. माझा जरा अवांतर प्रश्न. माझ्याकडे थोरल्या भावाच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, काही केसरबाई केरकरांच्या आहेत. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात होते, त्यांची तालीम त्या गळ्यात होती, तेव्हा आपल्या गावाचा त्या आवाजाशी संबंध आहे असं मी मानतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली आहे. तर हे टर्नटेबल त्या तबकड्या वाजवील काय?

तवा_३३

आप्पा, नमस्कार. १६० ला ३३ आणि ४५ एवढ्याच गती आहेत, ७८ नाही. थोरेन्सचंच जुनं टीडी १२४ असतं तर चाललं असतं, त्याला चारही गती होत्या, १६ सुद्धा. गती मिळाली तरी सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई तिच्या तळाला जाऊन घासते, खरखर येते आणि सुईही खराब होते. कृपया कुणाच्याही साध्या टर्नटेबलवर त्या लावू देऊ नका. मी चौकशी करतो, गावात ७८ ची सोय असलेलं कुणाकडं मशीन असेल तर तुमच्याकडं घेऊन येतो.

आप्पा_७८

जरूर या. चहा माझ्याकडे.

मिरज_जंक्शन

आप्पा, मी पण येणार. तबकड्या आडव्या एकावर एक रचून ठेवू नका, उभ्या ठेवा. लाखेच्या असतात, भारानं तडकतात.

उद्यमनगरचा

परत भोकावर येतो, कारण मेन गोष्ट अजून कुणी बोललं न्हाई. पुणेरी भाऊ दशांशावर अडलेत, पण या आर्ममधी जीव भोकात नसतोय, तोंडात असतोय. रेगाची गोल कॉलर बोर्डाच्या वरच्या तोंडावर बसती आणि खालनं नट तिला आवळतोय. म्हणजे आर्म उभा कसा राहणार हे बोर्डाचं वरचं तोंड ठरवतंय. भोक फक्त तिला जागेवर धरतंय. भोक जरा ढिलं असलं, ०.२-०.३ मिमी, तर बरंच, आवळायच्या आधी तेवढं हलवता येतंय. पण भोक टाईट आणि तिरकं असलं तर चुडी एकीकडं ओढणार, कॉलर दुसरीकडं, आणि नट आवळल्यावर आर्म कलणार.

एक अंश म्हणजे किती ते बघा. पुढंमागं एक अंश कलला तर रेगाच्या २३७ मिमी लांबीवर सुईपाशी ४ मिमी वरखाली. आडवा एक अंश कलला तर सुई खाचेत तेवढीच तिरकी उभी राहणार, डावा-उजवा आवाज एकमेकात मिसळणार. आणि या आर्मला ते फिरवून सरळ करायची सोयच न्हाई, हेडशेल नळीबरोबर एकसंध ओतलेलं आहे. अंतरातली चूक कार्ट्रिज सरकवून जाती, कलती जात न्हाई. म्हणून आधी वरचं तोंड सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) निळा रंग लावून, उंचवटे बघून सपाट करायचं, मग त्याच तोंडाला काटकोनात भोक, आणि खालचं तोंड वरच्याला समांतर, म्हणजे नट सरळ बसतोय.

आमच्या गावात म्हादबा मेस्त्रींपासनं हेच शिकवलंय, आधी तोंड मग भोक.

पुणेरी_सुई

हे मात्र शंभर टक्के. कॉलरच्या मुद्द्याबद्दल धन्यवाद, माझं लक्ष भोकावरच होतं.

जाईजुई

आणखी एक. २२२ हा बिंदू नाही, कंस आहे. स्पिंडल केंद्र धरून २२२ त्रिज्येचा कंस काढलात तर त्यावर कुठंही पिव्हट ठेवा, भूमिती तीच राहते. मग कंसावरची जागा बाकीच्या गोष्टींवर ठरवा. मागचं वजन झाकणाला किंवा चौकटीला लागतं का, आर्म विसाव्यावर ठेवल्यावर प्लॅटरच्या कडेला घासतो का, भोकाभोवती बोर्डात सगळीकडून पुरेसं लाकूड उरतं का. कागदाचा आर्म कापून फिरवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कळंबेकर

पण स्पिंडल उंच आणि बोर्ड खाली, मग मोजायचं कसं? पट्टी तिरकी धरली तर माप मोठंच येणार ना.

उद्यमनगरचा

बरोबर विचारलंस. त्यासाठी जिग करायचं. ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, एका टोकाला स्पिंडलला नेमकं बसणारं भोक (स्पिंडल ७ मिमीच्या जरा वर असतोय, व्हर्नियर लावून बघ), तिथनं २२२ वर दुसरं भोक, त्यात लेथवर काढलेली लांब टोकदार पिन, सरकती पण खिळखिळी न्हाई. पट्टी प्लॅटरवर आडवी बसती, पिन सरळ खाली बोर्डापर्यंत जाती. वरनं हलका हातोडा मारला की बोर्डावर खूण. बोर्ड मशीनवर स्क्रूनं घट्ट बसवूनच खूण करायची. काढून टेबलावर मोजायचं न्हाई, कारण स्क्रूच्या भोकात बोर्ड कुठं बसणार हे बसल्यावरच कळतंय.

सुतारपक्षी

लई भारी. आता फोटो टाका कुणीतरी.

तवा_३३

झालं! सगळ्यांना अपडेट.

मिरज_जंक्शन यांचं ऐकून सागवान-बर्च-सागवान असे तीन थर केले. जाडी ठरवताना आर्मची चुडी आधी मोजली, नट आणि वॉशर बसून दोन फेरे उरतील एवढीच. चुंबकाला खिळा सापडला, तुळईच्या कडेला, अख्खा बोटभर. तेवढा भाग सोडून कापलं.

जिग उद्यमनगरचा भाऊंच्या शेडमध्येच झालं. त्यांनी पिन काढून दिली आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही. खूण मशीनवरच केली. मग पिलर ड्रिलचं टेबल गुण्या लावून तपासलं, चारही बाजूंनी, आणि बोर्ड क्लॅम्प केला. फोर्स्टनर आत जायला लागल्यावर आधी सागवानाचा तांबूस भुसा आला, मग एकदम पांढरट बर्चचा, मग परत तांबूस. मधलं टोक खालनं निघाल्यावर बोर्ड उलटून उरलेलं काढलं. भोकाच्या भिंतीत तिन्ही थर स्पष्ट दिसतात, कड कुठंही फाटलेली नाही. त्यावर बोट फिरवलं तर सांधा कळत नाही.

बसवल्यावर अंतर मोजलं, २२२.४ आलं. जाईजुई यांच्या समीकरणात तेच घालून कार्ट्रिज लावलं. ऑर्टोफोन टू एम रेड आहे, दाब १.८ ग्रॅम. स्प्रिंगा नव्यानं जुळवायला लागल्या, पण थोड्याच. शेवटच्या ट्रॅकचे 'स' आता स्वच्छ येतात, आणि पायानं जमिनीवर धप्प केलं तरी सुई हलत नाही.

एकच अडचण आली, हम (स्पीकरमधली सततची गुणगुण). आर्म लाकडावर असल्यामुळं त्याचा धातू चेसिसपासून सुटा झाला आणि चेसिसला अर्थिंगच उरलं नव्हतं. या जुन्या रेगात आर्मचा अर्थ डाव्या चॅनलच्या शील्डला आतून जोडलेला असतो, त्याला हात लावला नाही. चेसिसपासून एक वेगळी वायर फोनो स्टेजच्या अर्थ टर्मिनलला नेली आणि हम पूर्ण गेला. लाकडी बोर्ड करणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवा.

उद्यमनगरचा

नाद खुळा! फोटोतली भोकाची कड बघून बरं वाटलं.

आप्पा_७८

अभिनंदन. वडिलांनी लाकूड सांभाळलं त्याचं चीज झालं.

कळंबेकर

आता मलाही करायचाय. माझ्याकडं एसएमई ३००९ आर्म पडून आहे. त्यालाही गोल भोक २२२ वर?

जाईजुई

नाही, एसएमईला गोल भोक चालत नाही. त्याचा पाया लांबट खाचेत मागंपुढं सरकतो, ओव्हरहँग तिथंच जुळवायचा असतो. त्यामुळं अंतराची काळजी कमी, साधारण २१५ मध्यभागी धरा, पण खाचेची लांबट अक्षरेषा स्पिंडलच्या मध्याकडं रोखलेली हवी, नाहीतर पाया सरकवताना आर्म बाजूला जाईल.

उद्यमनगरचा

आणि ती खाच ड्रिलनं न्हाई, राउटरनं काढायची. दोन टोकांना दोन भोकं पाडून मधलं पटाशीनं काढलं तरी चालतंय, पण भिंती सरळ यायला पाहिजेत. बोर्ड आणि आर्म दोन्ही घेऊन शनिवारी शेडवर ये, आधी तोंड बघू.